सव्वासातबाईंचा ‘आत्ता’

सव्वासातबाई भर बाजारपेठेतून घड्याळ घेऊन चालत गेल्या, ते गावातल्या बऱ्याच जणांना अजून आठवतं. घड्याळ म्हणजे मनगटावरचं नव्हे. रेडिओ केंद्राच्या स्टुडिओतलं, काळ्या लोखंडी चौकटीचं, चांगलं परातीएवढं. ते दोन्ही हातांनी छातीशी धरून बाई रस्त्याच्या मधोमध चालल्या होत्या. मागून नवरा सायकल ढकलत येत होता आणि दर दहा पावलांना म्हणत होता, “अगं, सायकलवर ठेव ना.” बाई ऐकत नव्हत्या. लोकांना ते दिसावं असंच त्यांना वाटत होतं.

त्या दिवशी गावचं रेडिओ केंद्र बंद झालं होतं. ग्रंथालयाच्या वरच्या दोन खोल्यांत ते केंद्र होतं आणि बाई तिथे चोवीस वर्षं सकाळची पाळी सांभाळत होत्या. आज पाणी कधी येणार, कुठला रस्ता खणलाय, कुणाच्या किल्ल्या सापडल्यात, कोणते डॉक्टर रजेवर आहेत, हे सगळं गावाला त्यांच्याकडून कळायचं. आणि वेळ. वेळ सांगायची त्यांची एक तऱ्हा होती. “सव्वासात वाजायला पाच मिनिटं,” एवढं म्हणून त्या थांबायच्या. सेकंदकाटा बारावर टेकला की मग म्हणायच्या, “आत्ता.” त्या शब्दावर अख्खं गाव घराबाहेर पडायचं, कारण सव्वासातला डेपोतून पहिली बस सुटायची. म्हणून त्यांचं नाव सव्वासातबाई पडलं. त्यांचं खरं नाव त्यांच्या रेशनकार्डावर असेल, बाकी कुठे नव्हतं.

केंद्र बंद करायला राजधानीहून एक साहेब आले होते. बोलायला गोड, बुटांना पॉलिश, हातात फाईल. सगळं प्रसारण आता तिकडूनच होणार, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी विचारलं, “आणि आमच्या गावची वेळ?” साहेब हसले. म्हणाले, “बाई, वेळ आता प्रत्येकाच्या खिशात आहे. ती सांगायला माणूस कशाला लागतो?”

चोवीस वर्षांची नोकरी गेली याचं बाईंना वाईट वाटलंच. पण ते वाक्य मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. “मग ते घड्याळ तरी द्या,” त्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, “न्या की. भंगारातच जाणार होतं.” आणि बाईंनी ते नेलं, साहेबांची गाडी अजून दारात उभी असताना, त्यांच्या नाकावर टिच्चून.

पुढची तीन वर्षं त्यांनी नवऱ्याच्या लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घातल्या. नवरा भला माणूस. दिवसभर इस्त्री फिरवायचा आणि बोलायचं झालं तर कपड्यांवरच्या डागांविषयी बोलायचा. दुकानातल्या रेडिओवर आता राजधानीतली मुलं बडबडायची. एकदा गावाला दोन दिवस पाणी नव्हतं, कुणाला आगाऊ कळलंही नाही, लोक बादल्या घेऊन वणवण फिरत होते. त्याच वेळी रेडिओवरची मुलगी कुठल्याशा पुलावरच्या वाहतुकीविषयी कळकळीने सांगत होती. तो पूल इथून दिवसभराच्या अंतरावर. बाईंनी हातातला शर्ट खाली ठेवला आणि रेडिओ बंद केला.

“अहो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “मी माझा रेडिओ काढणार.”

नवरा म्हणाला, “कॉलर राहिली त्या शर्टाची.”

याला परवानगी समजून बाईंनी भाचीला बोलावलं. भाची मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती आणि मावशीच्या हट्टाला लहानपणापासून ओळखून होती. इंटरनेटवर रेडिओ काढायला ना मनोरा लागतो ना साहेबाची सही, हे तिनेच सांगितलं. एक माईक, एक जुना कॉम्प्युटर, आणि लोकांच्या मोबाईलवर एक लिंक. बस्स. “एवढंच होतं तर तीन वर्षं काय झोपा काढत होतीस?” असं मावशीने तिला वर सुनावलं.

इस्त्रीच्या खोलीमागे एक अडगळीची खोली होती. तिथे न नेलेले कपडे टांगलेले असायचे. गिऱ्हाईक टाकून जातं आणि फिरकत नाही, असे कोट, ब्लँकेटं, एक नवरीचा झगासुद्धा. बाईंनी ते सगळं भिंतीभर टांगलं, म्हणजे आवाज घुमणार नाही. मधोमध टेबल, टेबलावर माईक, समोर ते घड्याळ. सात ते साडेसात नवऱ्याने वाफेची इस्त्री बंद ठेवायची, असं ठरलं. नवऱ्याने ते मुकाट्याने मान्य केलं. त्या घरात दुसरी सोयही नव्हती.

टिंगल करायला माणूस हवाच असतो, तो वरच्या मजल्यावर राहत होता. बाईंचे धाकटे दीर. डेपोत कंट्रोलर. गळ्यात शिट्टी, खिशात वही, आणि एकोणीस वर्षांत त्यांची एकही बस मिनिटभर उशिरा सुटलेली नाही, हे ते समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. या भाऊजींचा मोबाईल घरातला सगळ्यात जुना. काच तडकलेली, बॅटरीला रबरबँड, आणि इतका संथ की वाढदिवसाच्या शुभेच्छा दुसऱ्या दिवशी पोचाव्यात. भाची त्यांना नवा घेऊन द्यायला केव्हाची मागे लागली होती. ते म्हणायचे, “बघू, येत्या महिन्यात.”

रेडिओ सुरू झाला त्या सकाळी इस्त्रीच्या खोलीत चार माणसं चार मोबाईल घेऊन उभी होती. आत बाई म्हणाल्या, “आत्ता.” बाहेर भाचीच्या मोबाईलवर थोड्या वेळाने “आत्ता” आलं, मग नवऱ्याच्या, मग जावेच्या, आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर, निवांतपणे, भाऊजींच्या. भाची काहीतरी सांगायला तोंड उघडत होती, तेवढ्यात बाई बाहेर आल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, “खोलीत आवाज फार घुमतोय. अजून दोन ब्लँकेटं टांगा.”

ब्लँकेटं टांगली गेली. मावशीच्या आनंदावर विरजण नको म्हणून भाची गप्प बसली, आणि तिथेच चुकलं. बाईंना दोष तरी काय द्यायचा? आपण बोललो की ते त्याच क्षणी प्रत्येक स्वयंपाकघरात पोचतं, यावर त्यांची चोवीस वर्षं उभी होती. आवाज शिळा होऊ शकतो, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

पहिल्या दिवशी ऐकणारे अकरा जण होते. आठवड्यात तीनशे झाले. सापडलेल्या किल्ल्या पुन्हा मालकांना मिळू लागल्या. दवाखान्यात रांग लावण्याआधीच डॉक्टर नाहीत हे कळू लागलं. भाजीवाल्याने मोबाईल पातेल्यात ठेवला, म्हणजे आवाज मोठा येतो, आणि मग सगळ्या आळीने ठेवला. बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “वेळ तुमच्या खिशात असेल. पण हात ओले असताना खिशात हात घालणार कोण? तुम्ही कामं करा. घड्याळ मी बघते. माझ्यावर भरवसा ठेवा.” आणि लोकांनी ठेवला. हीच तर पंचाईत झाली.

नवव्या दिवशी फळांच्या पॅकिंग शेडमधल्या तीन बाया डेपोत पोचल्या तेव्हा बस फाटकाबाहेर वळत होती. त्यांनी हाका मारल्या, एकीने चप्पल हातात घेऊन धाव घेतली. भाऊजींनी घड्याळ दाखवलं. सव्वासात वाजून चाळीस सेकंद.

तिघींपैकी जी सगळ्यात धाकटी, तिचा त्या महिन्यातला हा तिसरा उशीर होता. शेडचा नियम सरळ होता: तीन उशीर, की लाईनवरून नाव कमी, म्हणजे नोकरी गेली. तिच्या घरी शाळेत जाणारी दोन मुलं आणि अंथरुणावरची सासू, आणि कमावती ती एकटी.

ही बातमी भाऊजींनीच दुपारी जेवताना दिली. आवाजात दुःख होतं, पण त्याखाली थोडं समाधानही होतं. “वहिनी, तुमच्या रेडिओवर ऐकून निघाल्या होत्या म्हणे.”

“मग बरोब्बर यायला हव्यात.”

“नाही ना आल्या.”

बाईंनी ताट बाजूला सारलं. त्यांनी भाचीला फोन लावला, आणि भाचीने अखेर खरं काय ते सांगितलं. मावशी बोलते ते आधी कुठल्यातरी लांबच्या कॉम्प्युटरवर जातं, तिथे थोडं थोडं साठतं, मग प्रत्येकाच्या मोबाईलवर उतरतं. कुणाला वीस सेकंदांनी, कुणाला मिनिटभराने, आणि मोबाईल जुना असेल तर त्याहून उशिरा.

“पहिल्या दिवशीच माहीत होतं तुला?”

“हो.”

“आणि मी ब्लँकेटं टांगत बसले.”

“मावशी, तू इतकी खुश होतीस...”

“माझ्या खुशीपायी तिची नोकरी चालली आहे,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग त्यांनी पायात चपला घातल्या.

“कुठे?” नवऱ्याने विचारलं.

“शेडवर.”

शेडच्या फाटकाशी लहानशी काचेची खोली होती आणि तिथे सुपरवायझर मॅडम बसायच्या. समोर हजेरीचं रजिस्टर, शेजारी तीन रंगांची पेनं. बाई सरळ आत गेल्या.

“आज तुमच्या एका बाईचा उशीर लिहिलाय. तो तिचा नाही, माझा आहे.”

“तुम्ही कोण?”

“रेडिओ.”

मॅडमनी वर बघितलं. बाई उभ्याच होत्या. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, ब्लँकेटांसकट. त्यात आपलं हसं होतंय हे त्यांना कळत होतं, पण त्यांनी एक शब्द गाळला नाही. “चुकीची वेळ मी दिली,” त्या म्हणाल्या. “ती लाल खूण माझ्या नावापुढे करा.”

“तुमचं नाव माझ्या रजिस्टरमध्ये नाही.”

“मग घाला.”

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्याही याच गावात वाढलेल्या असणार, कारण शेवटी त्यांनी विचारलं, “तुम्ही त्या ‘आत्ता’वाल्या ना?” मग रजिस्टर ओढून त्यांनी लाल खूण खोडली आणि जागी पेन्सिलने एक टिंब दिलं. “पण महिनाअखेरपर्यंत आता एकदा जरी उशीर झाला, तर मी काही करू शकणार नाही. नियम माझा नाही.”

फाटकाबाहेर ती धाकटी उभी होती. दिवसभर ती तिथेच बसून होती, घरी जायचं तोंड नाही म्हणून. बाईंनी तिला पेन्सिलीच्या टिंबाविषयी सांगितलं, आणि मग म्हणाल्या, “उद्यापासून माझं ऐकू नकोस. मोबाईलमध्ये बघून नीघ.”

बोलून गेल्यावर त्यांना कळलं की हे त्या साहेबांचंच वाक्य आहे. वेळ खिशात आहे. तीन वर्षं ज्या वाक्याशी त्या भांडल्या, ते आज त्यांच्याच तोंडून आलं होतं. त्यांना स्वतःचा मनस्वी राग आला.

पण ती धाकटी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. “बाई,” ती म्हणाली, “या महिन्यातले आधीचे दोन उशीर कधीचे आहेत, विचारलंत का? तुमचा रेडिओ सुरू व्हायच्या आधीचे. तेव्हा मोबाईलमध्येच बघत होते मी. एका हाताने सासूला उचलते, दुसऱ्या हाताने डबे भरते. कुठल्या हाताने बघू? तुम्ही आलात तेव्हापासून आठ दिवस मी बसमध्ये बसून गेले, खिडकीशी जागा मिळाली. मी तुमचंच ऐकणार. तुम्ही नीट सांगा.”

घरी आल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही, तडक वरच्या मजल्यावर गेल्या. भाऊजी शिट्टीची दोरी धूत होते.

“भाऊजी, तुम्ही पूर्वी शिट्टी कधी वाजवायचात?”

“कधी म्हणजे? सव्वासातला.”

“डेपोचं घड्याळ तर बंद पडलेलं असायचं.”

भाऊजी दोरी पिळत राहिले. खिडकीत रेडिओ असायचा. बाईंचं सव्वासातचं “आत्ता” आलं की त्यांची शिट्टी वाजायची. सगळा डेपो हे जाणून होता. रेडिओ बंद झाला तेव्हा मुख्य कचेरीने लाल आकड्यांचं नवीन घड्याळ पाठवलं होतं.

“तेव्हा तुमचा शब्द वेळेवर यायचा, वहिनी,” ते म्हणाले. “आता माझं ऐका. गाणी लावा, किल्ल्यांचं सांगा, पाण्याचं सांगा. वेळ सोडा.”

“वेळ सोडून बाकी रेडिओ कशाला?”

“मग दोन मिनिटं आधी सांगत जा. कोण बघतंय?”

“मी बघते,” बाई म्हणाल्या. “चोवीस वर्षांत एकदा खोटी वेळ सांगितली नाही. समोर घड्याळ लटकलंय माझ्या. त्याच्या तोंडावर खोटं बोलू? कुणी गोळी त्या वेळेवर घेतं, कुणी दूध. नाही जमायचं.”

“आणि मी एकोणीस वर्षांत बस उशिरा सोडली नाही. मलाही नाही जमायचं.”

एका घरात अशी दोन माणसं असणं म्हणजे बाकीच्यांच्या डोक्याला तापच. जाऊबाईंनी चहा आणून ठेवला आणि परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सात वाजता नवऱ्याने इस्त्री बंद केली. बाई माईकसमोर बसल्या. आधी पाण्याचं सांगितलं, मग एका छत्रीचं. मग त्या म्हणाल्या:

“काल तिघींची बस चुकली, ती माझ्यामुळे. मी बोलते ते तुम्हाला उशिरा ऐकू येतं. कुणाला थोडं, कुणाला जास्त. मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला हवं होतं. काही जण म्हणतात, वेळ सांगणं सोडा. सोडणार नाही. काही म्हणतात, खोटी सांगा. तीही सांगणार नाही. मी खरी वेळ सांगणार, आणि ती तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत थांबायचं की नाही, ते डेपोने ठरवायचं. डेपोतले साहेब माझे दीर आहेत. हा रेडिओ आपण ऐकत नाही असं ते सगळ्यांना सांगतात. आत्ताही ऐकतायत. भाऊजी, पूर्वी तुमची शिट्टी माझ्या शब्दावर वाजायची. आज कशावर वाजवायची ते तुमचं तुम्ही बघा.”

दाराआडून नवऱ्याने कपाळाला हात लावला. सगळ्या गावासमोर सख्ख्या दिराचा असा पंचनामा. पण बाई आता मागे हटणाऱ्या नव्हत्या.

“सव्वासात वाजायला पाच मिनिटं,” त्या म्हणाल्या. काट्याकडे बघत राहिल्या. “आत्ता.”

मग पाच मिनिटं त्यांनी काय वाचलं ते त्यांचं त्यांनाही आठवत नाही. कुणाच्या तरी हरवलेल्या चष्म्याचं काहीतरी होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे ती धाकटी होती, एका हातात सासू, एका हातात डबे. तिच्यापर्यंत पहिलं “आत्ता” पोचलं असेल का, ती निघाली असेल का, बोळातून धावत असेल का.

“सव्वासात,” बाई म्हणाल्या. “आत्ता.”

आणि त्या गप्प झाल्या. लाँड्रीच्या मागच्या खिडकीतून डेपो हाकेच्या अंतरावर होता, शिट्टी नेहमी स्पष्ट ऐकू यायची. माईक उघडा होता. रेडिओवर शांतता म्हणजे सगळ्यात मोठा गुन्हा, हे बाईंनीच कितीतरी नव्या माणसांना शिकवलं होतं. आज त्यांनी तो गुन्हा केला. काटा सरकत होता. दहा सेकंद. वीस. कालच्या हिशेबाने शिट्टी केव्हाच व्हायला हवी होती. एकोणीस वर्षांच्या हिशेबाने बस फाटकातून बाहेर पडायला हवी होती.

चाळीस सेकंद. नवरा दारात येऊन उभा राहिला होता. साठ. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

सत्तराव्या सेकंदाला डेपोतली शिट्टी वाजली. चांगली लांब, पूर्वी वाजायची तशी.

दुपारी भाऊजी जेवायला आले. धाकटी बसमध्ये चढली का, हे विचारायचा बाईंना धीर होत नव्हता. भाऊजींनी हात धुतले, ताटावर बसले, अर्धं जेवण झाल्यावर म्हणाले, “ती शेवटची आली. पायरीवर पाय ठेवला आणि माझ्या खिशात तुमचं ‘आत्ता’ वाजलं.”

“आणि वहीत काय लिहिलंत?” बाईंनी विचारलं.

“सव्वासात.”

“सत्तर सेकंद उशीर होता.”

“सगळ्या गावाला ऐकू आल्याशिवाय सव्वासात होत नाहीत,” भाऊजी म्हणाले. “माझ्यापर्यंत पोचलं म्हणजे सगळ्यांपर्यंत पोचलं. माझ्या मोबाईलच्या मागे कुणाचाच नाही.”

बाईंनी मान फिरवली आणि पदराने डोळे पुसले. चुलीचा धूर म्हणायची सोय नव्हती, घरात गॅस होता.

संध्याकाळी भाची नवा मोबाईल घेऊन आली. डबा सुंदर होता, काच चकचकीत, आणि सगळं म्हणे डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडतं. भाऊजींनी तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत डब्यात ठेवला.

“नको,” ते म्हणाले. “परत कर. हाच राहू दे मला.”

आणि त्यांनी आपल्या जुन्या मोबाईलवरचा रबरबँड नीट बसवला.